ताटं किती झाली?

गेल्या डिसेंबरात आमच्याकडे सलग तीन दिवस दही लागलं नाही. पहिल्या दिवशी दोष दुधाचा होता. दुसऱ्या दिवशी थंडीचा. तिसऱ्या दिवशी दूध आणि थंडी दोघंही निर्दोष सुटल्यामुळे तो माझ्यावर आला. ‘रात्री तुम्हीच पातेलं हलवलंत’, असं आरोपपत्र होतं. मी रात्री पाणी प्यायला उठलो होतो, हे खरं आहे. ओट्याजवळ गेलो होतो, हेही खरं आहे. एवढ्यावर दोष सिद्ध झाला.

मग उपाय सुरू झाले. दही लागत नाही म्हटल्यावर सोसायटीत जेवढे सल्ले मिळाले, तेवढे माझ्या बायपासच्या वेळीही मिळाले नव्हते. कुणी म्हणालं, पातेलं कणकेच्या डब्यात ठेवा. कुणी म्हणालं, देठासकट हिरवी मिरची टाका. शेवटी पातेल्याला शाल गुंडाळायचं ठरलं. मी बँकेत चौतीस वर्षं कॅशियर होतो. निरोप समारंभात मला शाल आणि श्रीफळ मिळालं होतं. श्रीफळाची चटणी त्याच आठवड्यात झाली. शालीचं काय करायचं हा प्रश्न सहा वर्षं पडून होता, तो त्या रात्री सुटला. माझ्या सेवेचा एकमेव पुरावा पांघरून एक लिटर दूध रात्रभर ओट्यावर झोपलं होतं.

माझी पुतणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आणि शनिवार-रविवार आमच्याकडे येते. तिनं सकाळी झाकण उघडलं, पातेलं किंचित तिरकं केलं आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, “काका, गेलेले नाहीत. अजून लॅग फेजमध्ये आहेत.”

मला वाटलं, ही आमच्या सोसायटीच्या कमिटीबद्दल बोलतेय. पण नाही. विरजणातले बॅक्टेरिया फ्रिजमधून निघून कोमट दुधात पडले की लगेच कामाला लागत नाहीत. आधी ते आजूबाजूचा अंदाज घेतात. इथे खायला काय आहे, ते पचवायला कोणती हत्यारं लागतील, ती आपल्याकडे आहेत का; नसतील, तर आधी ती बनवतात. या काळात त्यांची संख्या वाढत नाही, पण आतून धावपळ चाललेली असते. नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर पहिले पंधरा दिवस आपलं असंच होतं. दूधवाला कोण, पाणी किती वाजता येतं, गॅसचं कार्ड कुठल्या खोक्यात गेलं, यातच दिवस जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या घरात काहीच चाललेलं नाही. थंडी असली की हा मुक्काम लांबतो. दूध फार गरम असताना विरजण घातलं, तर पाहुणे दारातच भाजून निघतात. आमच्या आईकडे थर्मामीटर नव्हता. तिची करंगळी होती. करंगळीला सोसेल इतकं कोमट म्हणजे चाळीस-बेचाळीस अंश, आणि ती करंगळी कधी चुकली नाही. बायकोची करंगळीही चुकत नाही, फक्त ती चौकशी समितीसमोर बोलावली जात नाही.

लॅग फेज संपली की मात्र जे सुरू होतं, ते कॅशियरच्या हृदयाला झेपणारं नाही. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आमच्या बँकेत ठेव दुप्पट व्हायला दहा वर्षं लागायची आणि तेवढ्यावर गिऱ्हाईक खूश होऊन कॅलेंडर मागायचं. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया, खायला चांगलं आणि ऊब बरोबर मिळाली, तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. तासाला तीनदा, दिवसाला बहात्तर वेळा. मी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका बॅक्टेरियाचं वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं. सुरुवात एकापासून. चोवीस तासांनी सुमारे चार हजार सातशे टन. मला वाटलं, शून्य चुकलं. पुन्हा केला, तेवढंच आलं. दुसऱ्या दिवसाचा हिशेब केला, तर सगळ्या बॅक्टेरियांचं वजन पृथ्वीच्या वजनाच्या साडेतीन हजार पटींवर गेलं. मी डायरी मिटली आणि हात धुतले.

“मग असं होत का नाही?” मी पुतणीला विचारलं.

“जेवण संपतं,” ती म्हणाली. “आणि केलेली घाण आपल्याच अंगावर येते.”

दह्यातले बॅक्टेरिया ई. कोलायइतके घाईचे नाहीत, पण शेवट तोच. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खायची आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकायचं. ताजं दूध जेमतेम आम्लाच्या बाजूला असतं, पीएच साधारण ६.७. आम्ल साठत साठत तो ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन विरघळलेलं राहत नाही, एकमेकांना धरून बसतं. आपण त्याला दही लागलं म्हणतो आणि श्रेय आपल्याकडे घेतो. पुढेही आम्ल वाढत राहिलं, तर ते करणाऱ्यालाच सोसेनासं होतं. जन्म आणि मृत्यू बरोबरीला येतात. वाढीचा आलेख सपाट होतो, आणि मग तो उतरायला लागतो. या अवस्थांना पुस्तकात भारदस्त नावं आहेत. आमच्या घरात उतरणीच्या अवस्थेला ‘आज कढी करते’ असं म्हणतात.

*

मला खरी गंमत वाटली ती त्यांच्या जेवणाची. बॅक्टेरियाला तोंड नाही. जीभ, दात, घसा, पोट, काही नाही. इतकं काही नसताना एवढं खाणारा दुसरा प्राणी मी फक्त लग्नात पाहिलाय. त्याच्याभोवती एक भिंत असते, आत एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात ठरावीक दारं असतात. लहानसहान रेणू दारातून आत येतात. मोठा घास आत येऊच शकत नाही. म्हणून तो स्वयंपाक दाराबाहेर करतो. मोठ्या रेणूचे तुकडे करणारी विकरं अंगाबाहेर सोडायची किंवा भिंतीवरच बसवून ठेवायची, तिथेच बारीक बारीक करायचं आणि पचलेलं तेवढं आत ओढायचं. म्हणजे आधी पचन, मग जेवण. आमच्या डॉक्टरांनी मला नेमकं हेच सांगितलं होतं, पण ते मी शतपावलीबद्दल समजलो.

विकतच्या योगर्टमध्ये मुख्य कामगार दोन. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा गोल मण्यांच्या माळेसारखा आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हा काडीसारखा. दुसऱ्याचा शोध १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं जिनीव्हात लावला. परदेशी शिकायला गेला आणि गावाकडचं दही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आपली मुलं परदेशी जाताना लोणचं नेतात, त्यात काही शोध लागल्याचं अजून ऐकलेलं नाही. घरच्या विरजणात या दोघांचे चुलत-मावस बरेच असतात, त्यांची नावं विचारण्यात अर्थ नाही.

हे दोघं एका घरातल्या जावांसारखे आहेत. काडी केसीनचे तुकडे करते, ते तुकडे माळेला मिळतात, कारण माळेला ते काम नीट जमत नाही. माळ त्या बदल्यात थोडं फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड पुरवते, ते काडीला लागतं. एकटी एकटी दोघी जगतात, पण एकत्र असल्या की काम भराभर होतं. एकमेकींचं तोंड बघायची वेळ येत नाही, कारण तोंडच नाही. कदाचित त्यामुळेच जमत असेल.

लॅक्टोज आत घेण्याची थर्मोफिलसची रीत तर अगदी आपल्या ओळखीची आहे. लॅक्टोज म्हणजे दोन साखरा जोडलेल्या, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. हा पठ्ठ्या जोडी आत घेतो, तोडतो, ग्लुकोज खातो आणि गॅलॅक्टोज तसंच बाहेर टाकतो. क्रीमचं बिस्किट उघडून क्रीम चाटायचं आणि बिस्किट ताटलीत परत ठेवायचं, ही विद्या आमच्या नातवाची स्वतःची आहे असं मी समजत होतो. शिवाय आत घेणं आणि बाहेर टाकणं एकाच दारातून, एकाच झटक्यात होतं. लॅक्टोज आत, गॅलॅक्टोज बाहेर. भरलेला सिलिंडर आत, रिकामा बाहेर. रिकामा तयार नसेल, तर आपला गॅसवाला खालूनच परत जातो. थर्मोफिलसच्या दारावर नेमकं काय होतं हे मला ठाऊक नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पुतणीनं त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलं. ते अजून तिथे आहे, वाण्याच्या यादीच्या खाली.

पुढ्यात दोन पदार्थ असले की बॅक्टेरियाही माणसासारखाच वागतो. जाक मोनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, बॅक्टेरियांना दोन दोन साखरा एकत्र वाढल्या. ते दोन्ही थोडं थोडं खातील असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी आधी ग्लुकोज संपवलं. मग थांबले. वाढ बंद. काही वेळानं पुन्हा वाढ सुरू झाली, ती दुसऱ्या साखरेवर. म्हणजे आधी श्रीखंड वाटी पुसून संपवायचं, मग इकडे तिकडे बघायचं, आता काही येत नाही याची खात्री करायची आणि नाइलाजानं वरणभाताकडे वळायचं. तो मधला थांबा म्हणजे वरणभात पचवायची हत्यारं नव्यानं बनवण्याचा वेळ. ग्लुकोज समोर असताना ती बनवायची तसदी कोण घेतो? या नाइलाजाचा पाठपुरावा करता करता पेशीतली जनुकं चालू-बंद कशी होतात इथपर्यंत मोनो पोचला आणि १९६५ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल घेऊन आला. मी श्रीखंड आधी खातो, म्हणून घरात आजवर फक्त बोलणी खाल्ली आहेत.

खाण्यावरून हाफकिनसाहेबांची आठवण काढायलाच हवी. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. शहर ओस पडायला लागलं. वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत लस करायला बसला. लशीसाठी प्लेगचे जंतू आधी भरपूर वाढवायला हवेत. युरोपात अशा कामाला गोमांसाचं पाणी वापरत. इथे ते चालणार नाही हे त्याला कळलं आणि त्यानं बोकडाच्या मांसाचा रस्सा केला. आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या तरंगत्या तुपाला धरून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीच्या काड्या लोंबाव्यात तसे खाली लोंबत. चंबू हलवला की ते तळाशी पडत, वर नवे लोंबायला लागत. असं पुन्हा पुन्हा करून, मग ते उष्णतेनं मारून, लस झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. त्या काळाबद्दल हसण्यासारखं काही नाही. फक्त मटणाच्या रश्श्यावर तुपाची धार बघून मुंबईत प्लेगचा जंतूसुद्धा खूश झाला, एवढी नोंद खाण्याच्या इतिहासात असायला हरकत नाही.

*

आता मोजणी. इथे माझा जीव आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मी कॅशियर, म्हणून ताटं मोजायचं काम माझ्याकडे. केटररचा दर ताटावर असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. रात्री हिशेबाला बसलो. माझ्याकडे ३४८ माणसं. केटररकडे ४१२ ताटं. दोन्ही आकडे प्रामाणिक असल्याची शपथ घेतली गेली. भांडण रात्री दीडपर्यंत चाललं आणि शेवटी कार्यालयाच्या मॅनेजरनं दिवे घालवले, म्हणून मिटलं.

ही गोष्ट निघाली तेव्हा पुतणी शांतपणे म्हणाली, “काका, आमच्याकडे रोज हेच होतं. त्याला प्लेट काउंटच म्हणतात.”

मी सरसावून बसलो.

एक थेंब दह्यात बॅक्टेरिया किती? एकेक करून मोजायचे म्हटलं, तर निवृत्तीनंतरचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून दही पातळ करायचं. एक भाग दही, नऊ भाग पाणी. त्यातला एक भाग, पुन्हा नऊ भाग पाणी. असं सहा वेळा. हॉटेलातल्या सांबाराचं रहस्य मला इथे समजलं. मग त्यातला मिलिलिटरचा दहावा हिस्सा एका प्लेटमधल्या घट्ट खाद्यावर पसरायचा आणि उबेत ठेवायचा. जो बॅक्टेरिया जिथे पडला, तिथे तो खातो, वाढतो, आणि एक-दोन दिवसांत त्याच्या लाखो वंशजांचा एक ठिपका डोळ्यांना दिसतो. तो ठिपका म्हणजे कॉलनी. कॉलन्या मोजायच्या आणि उलट गुणायचं. ८७ कॉलन्या आल्या, तर मूळ दह्याच्या एका मिलिलिटरमध्ये ८७ कोटी.

“म्हणजे एक कॉलनी मोजताना चुकली, तर...?”

“एक कोटीची चूक.”

बँकेत दोनशे रुपयांची तूट आली, तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो आणि शेवटी खिशातून भरायचो.

पण खरा धक्का पुढे होता. प्लेटवर साधारण तीस ते तीनशे कॉलन्या असतील, तरच आकडा धरायचा. तीसपेक्षा कमी असतील, तर भरवसा नाही. तीनशेपेक्षा फार जास्त झाल्या, तर वहीत चार इंग्रजी अक्षरं लिहायची: टीएनटीसी. म्हणजे ‘मोजता येऊ नयेत इतक्या’. हे अधिकृत आहे. सर सही करतात. मी चौतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, कॅशबुकात ‘मोजता येऊ नयेत इतक्या नोटा’ असं लिहून घरी गेलो असतो, तर शाल सोडा, श्रीफळसुद्धा मिळालं नसतं.

तरी तिनं मला ३४८ आणि ४१२ ची भानगड नीट उलगडून दाखवली. लग्न संकष्टीला होतं. बरीच मंडळी आली, अहेराचं पाकीट देऊन, कॉफी पिऊन गेली. त्यांनी ताट घेतलं नाही. प्लेट काउंटमध्येही हेच. पुढ्यात वाढलेलं खाद्य ज्यांना चालत नाही, ते बॅक्टेरिया जिवंत असूनही वाढत नाहीत आणि मोजणीत येत नाहीत. मातीतले तर शंभरात एखादाच प्लेटवर दिसतो. बाकी नव्व्याण्णवांचा आमच्या मेनूवर उपवास. दुसरं, आईच्या ताटात दोन मुलं जेवली, तर ताट एकच. चार बॅक्टेरिया एकमेकांना चिकटून पडले, तर कॉलनीही एकच. म्हणून शहाणे लोक ‘इतके बॅक्टेरिया’ असं लिहीत नाहीत, ‘इतकी कॉलनी फॉर्मिंग युनिट्स’ असं लिहितात. म्हणजे माणसं किती ते देवाला ठाऊक, ताटं एवढी झाली. फक्त तिथे आकडा खऱ्याहून कमी निघतो आणि आमच्याकडे जास्त निघाला, कारण जिलबीसाठी नवं ताट घेणारे बॅक्टेरियांत नाहीत.

या प्लेटमधलं घट्ट खाद्य म्हणजे काय, हे ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ते घट्ट होतं चायना ग्रासमुळे. पुडिंगात घालतो तेच, समुद्री शेवाळाचं. शास्त्रातलं नाव अगार. आधी रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवत, मग जिलेटिनवर. पण उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, आणि काही जंतू तर ताटातलं जेवण सोडून ताटच खायचे. १८८१ मध्ये तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसेची बायको फॅनी म्हणाली, माझी जेली उन्हाळ्यात कशी टिकते बघ, त्यात अगार घालते. तिला ते जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तेव्हापासून आजवर जगभर सगळे जंतू तिच्या जेलीवर जेवताहेत. कॉखनं १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूवर लिहिताना अगारचा उल्लेख केला, बाईंचा केला नाही. १८८७ मध्ये त्याचा सहायक पेट्री यानं बशीवर जरा मोठी बशी झाकण म्हणून ठेवली आणि तो अमर झाला. शाळेतल्या पोरांनाही पेट्री डिश माहीत असते.

“म्हणजे जेवण बाईनं करायचं आणि झाकण ठेवणाऱ्याचं नाव,” बायको म्हणाली आणि पुन्हा आत गेली. पातेलं कुणी हलवलं होतं, हा विषय त्या दिवशी परत निघाला.

घाई असेल, तर प्लेटची वाट न बघता मोजायच्या रीतीही आहेत. त्यातली एक अशी की द्रवातून उजेड सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते बघायचं. बॅक्टेरिया जितके जास्त, तितका गढूळपणा जास्त, उजेड कमी. स्टेजवर उभं राहून मागची भिंत दिसते का बघावी आणि गर्दीचा अंदाज बांधावा, तसं. यात मेलेले आणि जिवंत दोन्ही मोजले जातात. नोटांच्या गठ्ठ्याची जाडी बघून रक्कम सांगणारे एक साहेब आमच्याकडे होते. फाटक्या, खोट्या, सगळ्या धरून त्यांचा आकडा बरोबर यायचा. डेअरीत दुधात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे थेंब टाकतात. बॅक्टेरिया दुधातला ऑक्सिजन संपवत जातात आणि निळा रंग उडतो. तासन्‌तास निळं राहिलं, तर दूध चांगलं. अर्ध्या तासात पांढरं झालं, तर आत भरगच्च सभा चाललेली आहे. मला ही रीत आवडली. एकही आकडा नाही, तरी भांडायला जागा नाही.

चौथ्या दिवशी दही लागलं. सुरी उभी राहील असं. शाल धुवायला टाकली.

दुपारी शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या. त्यांच्याकडेही तीच कथा होती, फक्त तिथे पातेलं भावजींनी हलवलं होतं. योगर्ट म्हणवून घ्यायचं, तर एका ग्रॅममध्ये निदान एक कोटी जिवंत बॅक्टेरिया हवेत, असं आंतरराष्ट्रीय खाद्य-मानक म्हणतं. आमचं दही त्यात मागे नसणार, असं धरून मी चमचा हातात घेतला. चमचा पाच ग्रॅमचा.

“वहिनी, पाच कोटी देऊ का?”

“अहो, एवढं कशाला,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडे खाणारे दोघंच.”